आंबोळीची जाळी आणि जांभळाचा पाक
मे-जूनमध्ये मावळच्या रानात करवंदे, जांभळे पिकतात. त्यांचा पाक आंबोळीवर छान लागतो. आंबोळीला जाळी कशामुळे पडते? रात्रभर आंबलेल्या पिठात सूक्ष्मजीवांनी कार्बन डायऑक्साइड वायू तयार केलेला असतो. तव्यावर तो वाफेसह बाहेर पडतो. मग हे सूक्ष्मजीव पाकात का वाढत नाहीत? १०० ग्रॅम पाकात सुमारे ६५ ग्रॅम साखर असली, तर परासरणाने त्यांच्याच पेशींतले पाणी बाहेर खेचले जाते. साखर कमी पडली की पाक आंबतो. घट्ट बुचाची बाटली वायूच्या दाबाने फुटूही शकते.

वर्गात करून पाहा: दोन बाटल्यांत पातळ व दाट पाक घ्या, चिमूटभर यीस्ट घाला, तोंडाला फुगे बांधा. कोणता फुगा आधी फुगतो?