गोठलेल्या तळ्यावर पाऊल टाकण्यापूर्वी

स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या पश्चिमेला मेलारेन नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. हिवाळ्यात ते गोठले की सुट्टीच्या दिवशी तिथे वेगळीच वर्दळ सुरू होते. पाठीला सॅक, हातात लोखंडी टोकाची काठी, गळ्यात दोन टोचे आणि पायात अर्ध्या मीटरच्या आसपास लांबीच्या पात्यांचे स्केट अशा तयारीने माणसे गटागटाने बर्फावर उतरतात आणि दिवसभरात कित्येक किलोमीटर अंतर कापतात. तिथे ना कठडा असतो, ना बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र. नैसर्गिक तळी आणि सरोवरांवरच्या या खेळाला ‘वाइल्ड स्केटिंग’ म्हणतात. तोल, मांड्यांचे स्नायू आणि हृदय या सगळ्यांना त्यात चांगला व्यायाम मिळतो. मात्र हे अनुभवी लोक एक गोष्ट गृहीत धरूनच घराबाहेर पडतात. ती म्हणजे, बर्फ फुटू शकतो.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एका गोठलेल्या तळ्यावर चालत गेलेल्या भारतीय वंशाच्या तिघांचा बर्फ फुटून मृत्यू झाला. ज्यांच्या गावचे तळे कधीच गोठत नाही, अशा आपल्यासारख्यांना पांढरा, कडक पृष्ठभाग दिसला की तो जमिनीइतकाच भक्कम वाटतो. आज मिनेसोटा, टोरांटो, स्टॉकहोमसारख्या ठिकाणी अनेक मराठी कुटुंबे राहतात. लडाखला हिवाळी सहलीला जाणारेही कमी नाहीत. म्हणून स्केट पायात घालायचे असोत वा नसोत, बर्फाचे शास्त्र थोडे समजून घेतलेले बरे.

तळे वरूनच का गोठते?

बहुतेक पदार्थ थंड होताना आकुंचन पावतात. पाणीही तसेच वागते, पण ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याखाली ते पुन्हा प्रसरण पावते आणि हलके होते. हिवाळ्याच्या तोंडावर तळ्याच्या पृष्ठभागावरचे गार पाणी खाली बसत राहते. सगळे तळे ४ अंशांच्या आसपास आले, की त्याहून थंड पाणी वरच तरंगते आणि तेच आधी गोठते. गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, म्हणून बर्फ बुडत नाही.

याचा अर्थ असा, की बर्फाच्या खाली त्याच्यापेक्षा उबदार पाणी असते. ते स्थिर असेल तोवर ठीक. पण जिथे ओढा येऊन मिळतो, जिथून पाणी बाहेर पडते, जिथे तळाशी झरा आहे, पुलाखाली किंवा दोन बेटांमधल्या चिंचोळ्या जागी पाणी हलते, तिथे हे उबदार पाणी बर्फ खालून झिजवत राहते. त्यामुळे एकाच तळ्यावर किनाऱ्याजवळ वीतभर जाड बर्फ आणि शंभर पावलांवर बोटभर, असे सहज घडते. वरून दोन्ही सारखेच दिसतात.

काळा बर्फ, पांढरा बर्फ

वारा नसलेल्या कडाक्याच्या थंडीत गोठलेला बर्फ काचेसारखा पारदर्शक असतो. त्यातून खालचे गडद पाणी दिसते, म्हणून त्याला काळा बर्फ म्हणतात. पाहताना धडकी भरते खरी, पण सर्वांत मजबूत तोच. पहिली हिमवृष्टी होण्यापूर्वी मिळणाऱ्या या बर्फाची स्केटिंग करणारे वर्षभर वाट पाहतात. पांढरा बर्फ मात्र पडलेल्या हिमात पाणी मुरून आणि ते पुन्हा गोठून तयार होतो. त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात आणि त्याची ताकद साधारण निम्मीच भरते. शिवाय वर साचलेले हिम गोधडीसारखे काम करते. बाहेरची थंडी ते खाली पोहोचू देत नाही आणि बर्फाची वाढ मंदावते.

सर्वसाधारण नियम असा, की एका माणसाने उभे राहण्यासाठी किमान १० सेंटीमीटर, म्हणजे चार इंच जाडीचा काळा बर्फ हवा. पांढरा असेल तर त्याच्या दुप्पट. बर्फाची वजन पेलण्याची क्षमता ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. जाडी निम्मी झाली की ताकद निम्मी नव्हे, पाव होते. वसंत ऋतूत तर जाडीचाही भरवसा नसतो. उन्हाने बर्फाच्या आतले उभे स्फटिक एकमेकांपासून सुटू लागतात आणि फूटभर जाड बर्फही पायाखाली ढासळू शकतो.

म्हणूनच ती लोखंडी टोकाची काठी. थोड्या थोड्या अंतरावर बर्फावर जोरात ठोसा मारायचा. काठी आरपार गेली, तर आल्या वाटेने परत फिरायचे. अनुभवी कान बर्फाचा आवाजही टिपतात. पात्यांमुळे बर्फात कंपने उठतात. त्यांतली उच्च स्वराची कंपने खालच्या स्वराच्या कंपनांपेक्षा वेगाने प्रवास करतात. त्यामुळे लांब उभ्या असलेल्याला चित्रपटातल्या लेझर बंदुकीसारखा, वरून खाली घसरत जाणारा ‘प्यूंऽऽ’ असा सूर ऐकू येतो. बर्फ जितका पातळ, तितका हा सूर चढा. सूर चढू लागला की जाणकार सावध होतात. अर्थात केवळ कानावर विसंबून कोणी पुढे जात नाही.

एक, दहा, एक

आणि तरीही बर्फ फुटलाच तर? बर्फाळ पाण्यात पडलेला माणूस दोन-चार मिनिटांत गारठून मरतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे आणि घातकही, कारण त्यामुळे माणूस घाबरून हातपाय मारतो आणि दमून बुडतो. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गिस्ब्रेक्ट यांनी थंड पाण्याच्या परिणामांवर अनेक वर्षे संशोधन केले. बर्फाळ पाण्यात स्वतः उतरूनही त्यांनी प्रयोग केले. त्यांनी सांगितलेले सूत्र लक्षात ठेवायला सोपे आहे: एक मिनिट, दहा मिनिटे, एक तास.

पहिले मिनिट श्वासाचे. त्वचा एकदम गार पडल्याने मोठा उसासा आपोआप येतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जाते. मग धाप लागते, नाडी आणि रक्तदाब वाढतो. हृदयविकार असलेल्यांना या वेळी सर्वाधिक धोका असतो. तेव्हा बाहेर पडण्याची घाई न करता तोंड पाण्यावर ठेवून श्वास ताब्यात आणायचा. धाप साधारण मिनिटभरात ओसरते.

पुढची दहा मिनिटे हालचालीची. तेवढा वेळ हाताची बोटे आणि स्नायू कामाचे राहतात. ज्या दिशेने आलात तिकडेच तोंड वळवा, कारण त्या बाजूच्या बर्फाने तुम्हाला आतापर्यंत पेललेले असते. गळ्यातले टोचे बर्फात रोवा, पाय मागे पोहल्यासारखे मारून शरीर आडवे करा आणि पोटावर सरपटत वर या. वर आल्यावर उभे राहू नका, लोळत दूर जा. सॅकमध्ये जलरोधक पिशवीत बांधलेले कोरडे कपडे पाण्यात तरंगायला मदत करतात आणि बाहेर आल्यावर जीव वाचवतात. दहा मिनिटांत बाहेर येता आले नाही, तर दोन्ही हात बर्फावर पसरून स्थिर राहा. ओल्या बाह्या बर्फाला चिकटून गोठल्या तर शुद्ध हरपल्यावरही माणूस खाली जात नाही. शरीर गारठून बेशुद्धी यायला साधारण तास लागतो, आणि तेवढ्यात मदत पोहोचू शकते.

मदत करणाऱ्याने धावत जाऊ नये. एकाच्या जागी दोघे पाण्यात पडण्याचे प्रसंग असेच घडतात. आधी मदतीसाठी फोन करावा, लांबून दोर किंवा काठी द्यावी आणि जवळ जावेच लागले तर पोटावर सरपटत जावे. बाहेर काढलेल्या माणसाला आडवे ठेवा, ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळा. हातपाय चोळू नका. मद्य तर मुळीच देऊ नका. त्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उरलीसुरली उष्णताही निघून जाते. पूर्ण शुद्धीवर असेल तरच गरम, गोड पेय द्या.

माणूस निष्प्राण वाटला तरी छातीवर दाब देणे आणि कृत्रिम श्वास सोडू नका. १९९९ मध्ये नॉर्वेत स्कीइंग करताना आना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर गोठलेल्या ओढ्यात पडली आणि ८० मिनिटे बर्फाखाली अडकली. तिच्या शरीराचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते. तरीही ट्रोम्सो येथील रुग्णालयात ती वाचली. थंडीने मेंदूची प्राणवायूची गरज खूप कमी होते, म्हणून हे शक्य झाले.

उबदार हिवाळा जास्त धोक्याचा

नेदरलँड्समध्ये गोठलेल्या कालव्यांवरून अकरा शहरे जोडणारी सुमारे २०० किलोमीटरची स्केटिंग शर्यत प्रसिद्ध आहे. ती १९०९ मध्ये सुरू झाली. मार्गावर १५ सेंटीमीटर जाडीचा बर्फ असेल तरच ती भरवतात. आतापर्यंत ती १५ वेळा झाली, शेवटची ४ जानेवारी १९९७ रोजी. त्यानंतर पुरेसा बर्फच जमला नाही.

बर्फ मुळीच नसेल तर धोका नसतो. धोका असतो तो अर्धवट गोठलेल्या तळ्यांचा. कॅनडातील यॉर्क विद्यापीठाच्या सपना शर्मा आणि सहकाऱ्यांनी दहा देशांतील हिवाळ्यात बुडून झालेल्या चार हजारांहून अधिक मृत्यूंचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. हिवाळ्यातले तापमान शून्य अंशाच्या जवळ येते तिथे असे मृत्यू झपाट्याने वाढतात, असे त्यात आढळले. ‘दरवर्षी या तारखेला आम्ही तळ्यावर जातो’ हा अनुभव आता पुरेसा नाही.

परदेशी राहत असाल तर स्थानिक प्रशासनाने तळे खुले केले आहे का, हे आधी पाहा. एकट्याने जाऊ नका आणि मुलांना नजरेआड होऊ देऊ नका. लडाखमध्ये झंस्कार नदीवरच्या प्रसिद्ध ‘चादर’ ट्रेकला जाणार असाल, तर तिथले वाटाडे काय करतात ते नीट पाहा. पिढ्यान् पिढ्या त्या बर्फावरून चालत आलेली ही माणसेसुद्धा काठीने बर्फ ठोकून पाहिल्याशिवाय पुढचे पाऊल टाकत नाहीत. ते थांबले की आपणही थांबावे.