दीड महिन्याचा डोस आणि आईचं मन

१९६४ साली गर्भपाताच्या कायद्याचा विचार करायला केंद्र सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे त्या वेळचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. समितीचा अहवाल १९६६मध्ये आला आणि त्यातून १९७१चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. गर्भ वाढू दिल्याने बाईच्या शरीराला किंवा मनाला गंभीर इजा होण्याचा धोका असेल तर गर्भपात करता येतो, आणि तो धोका ठरवताना ती कोणत्या परिस्थितीत राहते हेही बघता येतं, असं त्या कायद्याने म्हटलं. गरोदर बाईच्या मनाची दखल कायद्याने घेतली ती अशी, गर्भ काढण्याच्या निमित्ताने. जिने गर्भ ठेवला, बाळाला जन्म दिला, रात्ररात्र जागून त्याला पाजलं, तिच्या मनाची विचारपूस कोणी करायची हे तेव्हा कुठेच लिहिलं गेलं नाही. पुढच्या पन्नास वर्षांत थोडंफार लिहिलं गेलं, काही फार चांगली कामंही झाली. दवाखान्याच्या टेबलापर्यंत मात्र त्यातलं फारच थोडं पोचलं.

मुंबईच्या जुहूत हे जास्त टोचतं. जुहू म्हटलं की लोकांना समुद्र आणि सिनेमावाल्यांचे बंगले आठवतात. पण याच जुहूत महापालिकेचं कूपर रुग्णालय आहे, त्याला जोडून २०१५पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, एसएनडीटी विद्यापीठाचं आवार आहे, नेहरूनगरची दाट वस्ती आहे, कोळीवाडा आहे. बंगल्यातली सून आणि तिच्याकडे स्वयंपाकाला येणारी वस्तीतली मुलगी एकाच महिन्यात बाळंत होऊ शकतात. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने, नोकरी असेल तर, एकीला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. दुसरीला धरलेली चार घरं सुटतील याची धास्ती असते. बाळंतपणानंतर मनाचा आजार दोघींनाही गाठू शकतो. आणि बहुतेक वेळा दोघींनाही सारखंच उत्तर मिळतं: सोन्यासारखं बाळ पदरात आहे, मग रडतेस कशाला?

बाळंतिणीवर काय कोसळू शकतं याची जाणीव आपल्या समाजाला नव्हती असं मुळीच नाही. १८६३मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते फसवल्या गेलेल्या विधवांना गुपचूप आणि सुखरूप बाळंत होता यावं म्हणून. १८८१मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, नंतर ती कमी करण्यात आली. त्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बायकांवर जी गरळ ओकली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. कोर्टात तेव्हा पाप आणि शिक्षा यांचीच भाषा चालत होती. इंग्लंडने १९२२मध्ये, आणि अधिक नीटपणे १९३८मध्ये, बाळंतपणामुळे मनाचा तोल गेलेल्या आईसाठी वेगळा, सौम्य कायदा केला. आपल्या दंड संहितेत अशी तरतूद कधीच आली नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती नाही. कायदे नव्याने लिहिण्याची संधी हातात असताना ही गोष्ट राहून जाणं मला फार गंभीर वाटतं.

बाळंतिणीच्या विश्रांतीची लढाई मात्र मुंबईने लवकर जिंकली. १९२८मध्ये मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभाचं विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला, देशात पहिला.

शरीराच्या बाजूने पुढे जे घडलं ते अभिमान वाटावा असंच आहे. २००१ ते २००३ या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८ ते २०२०मध्ये तो आकडा ३३वर आला. आता सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्याचे निष्कर्ष १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि २०११पासून तो देशाचा कार्यक्रम झाला. त्या कार्यक्रमात आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. बाळाचं वजन करते, अंग गार पडलंय का बघते, अंगावर पितंय का विचारते. आईला ताप आहे का, रक्तस्राव थांबला का, हेही विचारते. एवढे उंबरठे ओलांडून आलेली ती बाई आईला झोप लागते का, जगावंसं वाटतं का, हे विचारत नाही, कारण ते तिच्या कामात फार काळ धरलंच गेलं नाही.

आपल्या भागात या प्रश्नाला आकडा मिळाला तो गोव्यात. म्हापशाच्या आझिलो इस्पितळात डॉ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्स आणि डॉ. नंदिता डिसोझा यांनी २७० गरोदर बायकांची नोंद शेवटच्या तिमाहीत केली आणि बाळंतपणानंतर त्यांना पुन्हा गाठलं. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात होत्या. त्यातल्या ७८ टक्के बायकांचं मन गरोदरपणातच बरं नव्हतं, आणि निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. २००२मध्ये हा अभ्यास छापून आला. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही मोठी कारणं निघाली. मुलगी झाली असेल तर मारहाणीचे आणि उपासमारीचे घाव आणखी खोल जात होते. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं, की अशा आयांची बाळं सहाव्या महिन्यात वजनाने आणि लांबीने मागे पडतात. ज्यांना फक्त बाळाचीच काळजी आहे त्यांनीही आईच्या मनाकडे बघावं, याला एवढं एक कारण पुरेसं होतं. २०१७मध्ये देशभरातल्या ३८ अभ्यासांची, वीस हजारांवर आयांची एकत्र मांडणी झाली. प्रमाण निघालं २२ टक्के, गोव्याच्या आकड्याला जवळजवळ चिकटून.

इथे थोडं थांबून एक फरक सांगायला हवा, कारण घरोघरी इथेच गफलत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच डोळे भरून येणं, चिडचिड होणं, हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्याला आराम आणि माया पुरते. नैराश्य ओसरत नाही. बाळ झोपलं तरी आईला झोप लागत नाही, जेवण जात नाही, बाळाकडे बघून काहीच वाटत नाही आणि तसं वाटत नाही याची तिला भयंकर लाज वाटते. तिसरा प्रकार दुर्मीळ आहे, हजार बाळंतिणींत एक-दोघींना होणारा, पण तो साप चावण्याइतका तातडीचा असतो. पहिल्या दोन आठवड्यांतच बाई झोपेनाशी होते, असंबद्ध बोलते, आवाज ऐकू येतात, बाळ बदललंय असं म्हणते. तेव्हा बाहेरचं लागलंय म्हणून उतारे टाकत बसण्यात जे दोन दिवस जातात, त्यात दोन जीव जाऊ शकतात. त्याच रात्री रुग्णालय गाठायचं. तिन्हींवर उपाय आहेत. नैराश्यावरची काही औषधं अंगावर पाजताना डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येतात. दूध तोडावं लागेल या भीतीने कितीतरी जणी डॉक्टरकडे जायचंच टाळतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या मावशींकडे आरोग्यव्यवस्थेने कधी गांभीर्याने बघितलं नाही, हे मला फार खटकतं. जुहूच्या इमारतींमध्ये सकाळी तेलाची वाटी आणि कढत पाण्याची बादली घेऊन बसलेली मावशी बाळंतिणीचं अंग रोज हाताने बघते. खांदे आखडलेत, ही रात्रभर बसून होती, ताट तसंच परत गेलंय, काल शेक घेताना एक शब्द बोलली नाही, हे तिच्या नजरेतून सुटत नाही. नवऱ्याच्या आणि सासूच्या आधी तिला कळतं. तिचा उपाय एकच: रडू नकोस, दूध आटेल. तिला कोणी दुसरं काही शिकवलेलंच नाही. सव्वा महिन्याच्या विश्रांतीची आपली रीत मुळात शहाणपणाची आहे, पण तिच्यात सोबत हवी. माहेर रत्नागिरीला, आईला गुडघ्यांमुळे येता येत नाही, नवरा रात्रपाळीला, अशा खोलीत ती रीत नुसता कोंडवाडा होते. २०२०च्या टाळेबंदीत नायर रुग्णालयात करोना झालेल्या शेकडो बायका बाळंत झाल्या. घरचं माणूस जवळ नसताना बाळंत होणं म्हणजे काय, ते त्या वर्षी शहराला दिसलं.

बंगळुरूच्या निमहान्सने २००९मध्ये आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा पाच खाटांचा विभाग काढला, दक्षिण आशियातला असा पहिला. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तेच तत्त्व देशभरासाठी लिहून ठेवलं. मनोरुग्णालयात दाखल असलेल्या बाईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडायचं नाही. तोडावंच लागलं तर दर पंधरा दिवसांनी फेरविचार करायचा आणि सलग तीस दिवसांपुढे जायचं तर प्राधिकरणाची मंजुरी घ्यायची. या कायद्याचं कलम २१ घरच्यांनी तोंडपाठ करावं असं आहे. ‘हिला वेड लागलंय, पोर आमच्याकडेच राहील’ हे वाक्य कितीतरी सुनांनी आजवर ऐकलं असेल. कायदा त्यांच्या बाजूने आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून, हा नेहमीचा प्रश्न. त्याचंही उत्तर गोव्यातूनच आलं. डॉ. अतिफ रहमान यांनी पाकिस्तानात गावातल्या आरोग्यसेविकांकडून नैराश्यातल्या आयांना आधार द्यायची पद्धत बसवली होती. ‘संगत’ संस्थेने ती गोव्यात वस्तीतल्याच बायकांच्या हाती दिली आणि त्यांना सखी म्हटलं. सखी घरी येते, ऐकून घेते, आज एक छोटी गोष्ट काय करता येईल ते ठरवते, नवऱ्याला आणि सासूला बोलण्यात घेते. २८० गरोदर बायकांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१९मध्ये आले. जादू झाली नव्हती, पण आजारातून पूर्ण बाहेर आलेल्यांचं प्रमाण सख्या भेटलेल्या गटात जास्त होतं. हे काम करणाऱ्या बायका वस्तीतल्याच होत्या, हा त्यातला मोठा धडा.

अवघड प्रश्न विचारायला आमच्या परिचारिकांना वेळ नाही, त्यांना ते जमणार नाही, असं कोणी म्हणालं तर जुहूपासून फार लांब जायला नको. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत संस्था यांनी २०००मध्ये ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं आणि जखमा घेऊन आलेल्या बाईला ‘घरी कोणी मारतं का?’ असं विचारायला साध्या कर्मचाऱ्यांना शिकवलं. ते केंद्र टिकलं आणि नंतर महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही गेलं. त्याच्याही आधी, १९८९मध्ये, शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दुग्धपेढी उभी केली, तीही महापालिकेच्याच छताखाली. या शहराला नवं काही जमत नाही, हे मला पटत नाही.

आणि आईला शोधत फिरायचीही गरज नाही. ती स्वतः येते. कोणत्याही लसीकरणाच्या दिवशी बाकावर बघा. टॉवेलात गुंडाळलेलं बाळ, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं माता-बाल कार्ड, शेजारी कंटाळलेली सासू. दीड महिन्याचा डोस, अडीच महिन्याचा, साडेतीन महिन्याचा. मातृवंदना योजनेचे पैसेही याच लसीकरणाशी बांधलेले आहेत, त्यामुळे गरीब घरची आई सहसा ही फेरी चुकवत नाही. गोव्यात ज्या सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात सापडल्या, तो नेमका दीड महिन्याच्या डोसाचा काळ. बाळाच्या मांडीत सुई जाते, तापासाठी थेंब सांगितले जातात, कार्डावर तारीख पडते आणि आई उठून जाते. १९८७पासून जगभर वापरात असलेली एडिनबर्गची दहा प्रश्नांची यादी तिथे भरून घेता येईल. तेवढा वेळ नसेल तर दोन प्रश्न पुरतात: गेल्या महिन्यात मन सारखं उदास किंवा हताश राहिलं का? आवडीच्या गोष्टींतही रस वाटेनासा झाला का? दोन्हींपैकी एकाला जरी ‘हो’ आलं तरी सासूला बाहेर बसवून पुढचं बोलायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये हेच सांगितलं, की ही सेवा माता-बाल आरोग्याच्या रोजच्या कामातच मिसळून द्या.

माझी महापालिकेकडे मागणी साधी आहे. माता-बाल कार्डावर आईच्या मनासाठी एक रकाना छापा, आणि दीड महिन्याच्या डोसाच्या दिवशी तो भरल्याशिवाय कार्ड परत देऊ नका. कूपरसारख्या रुग्णालयात प्रसूती आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत. त्यांच्यामधली वाट आखून द्या, म्हणजे ‘हो’ म्हणणाऱ्या आईला कुठे पाठवायचं हे परिचारिकेला ठाऊक असेल. मातामृत्यूंच्या तपासणीत आत्महत्याही मोजा. गरोदरपणातली आणि बाळंतपणानंतरची आत्महत्या हा थेट मातामृत्यू धरावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१२मध्येच म्हटलं आहे, आणि केरळात अशी बारकाईने तपासणी झाली तेव्हा आत्महत्या हे मोठं कारण म्हणून पुढे आलं. तोवर, तुमच्या घरात किंवा शेजारी बाळंतीण असेल तर बाळाला बघायला जाताना तिच्याशीही पाच मिनिटं एकटीशी बोला, आणि १४४१६ हा क्रमांक तिच्या फोनमध्ये घालून द्या. टेली-मानसची ही सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.