डोक्यातला जंत आणि स्कॅनमधली बांगडी



वडखळ, पेण, नागोठणे या भागातल्या गटांमध्ये फिट येण्याच्या आजाराविषयी बोलायला बसलो की एक प्रश्न हटकून येतो. "आमच्या घरात मटणसुद्धा शिजत नाही, मग पोरीच्या डोक्यात जंत गेला कुठून?" प्रश्न रास्त आहे. डॉक्टरांनी तीन शब्दांत 'मेंदूत जंताची गाठ' म्हणून सांगितले की घरच्यांच्या डोळ्यांसमोर वळवळणारा किडाच उभा राहतो. म्हणून आज याच विषयावर सविस्तर बोलायचे ठरवले आहे.

या जंताला पट्टकृमी म्हणतात. तो फितीसारखा लांब आणि चपटा असतो. डुकराच्या मांसात त्याची पिल्ले असली आणि ते मांस नीट न शिजवता खाल्ले, तर हा जंत माणसाच्या आतड्यात वाढतो. त्या माणसाला फारसा त्रास होत नाही, बरेचदा पत्ताही लागत नाही. पण त्याच्या शौचातून जंताची अंडी बाहेर पडत राहतात. शौचाहून आल्यावर हात नीट धुतले नाहीत तर ती नखांत राहतात, उघड्यावर बसले तर मातीत आणि पाण्यात जातात. ही अंडी ज्याच्या पोटात जातील त्याच्या रक्तातून पिल्ले स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत पोहोचतात. म्हणजे आतड्यातला जंत मांसातून येतो आणि मेंदूतली गाठ माणसाच्या विष्ठेतल्या अंड्यांतून. माळकरी घरातही ती का होते, हे आता लक्षात येईल. डुक्कर पाळणाऱ्या वस्तीकडे बोट दाखवून काही साधत नाही. अंडी देणारा जंत माणसाच्याच पोटात असतो, आणि तो माणूस आपल्याच घरातला असू शकतो.

पोपटीच्या मडक्यात काही जिवंत उरत नाही, ती खुशाल खा. जपायचे ते कच्च्या खाण्याला. मुळा, कोथिंबीर, कांद्याची पात हे सगळे दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या. आणि स्वयंपाक करणारीचे, वाढणाऱ्याचे हात साबणाने धुतलेले हवेत. आमच्या मते भाजीपेक्षाही हात महत्त्वाचे.

मेंदूत गेलेले पिल्लू वळवळत नाही, मेंदू खातही नाही. वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान पाण्याच्या पिशवीत ते गप्प बसून राहते. ते जिवंत असते तोवर शरीराला त्याची फारशी खबर नसते. ते मरायला लागले की शरीर त्याच्यावर तुटून पडते, भोवती सूज येते आणि फिट येते. यात वर्षे जातात. हिंदुस्थानात नोकरी करून मायदेशी परतलेल्या ब्रिटिश शिपायांना पुढे फिट येऊ लागल्या. अशा ४५० रुग्णांची पाहणी १९६१ साली तिकडे छापून आली, आणि जंत पोटात गेल्यापासून पहिली फिट येईपर्यंत कित्येकांची अनेक वर्षे उलटली होती. तेव्हा 'गेल्या आठवड्यात काय खाल्ले' हे आठवत बसू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोकाट डुकरे आणि माणसे जवळजवळ राहतात अशा अनेक भागांत फिटच्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के या जंतामुळे असतात.

आता तपासणीकडे येऊ. पहिली तपासणी कुठल्याही यंत्राची नसते, ती असते हकिगतीची. फिट पाहिलेली असते शेजारणीने किंवा सासूने, आणि दवाखान्यात जातो तो नवरा, जो त्या वेळी कंपनीत पाळीवर होता! जिने पाहिले तिने सोबत जावे. झटका एका हातापायापासून सुरू झाला की सगळ्या अंगाला एकदम आला, डोळे कुठे वळले, किती मिनिटे चालला, जीभ चावली का, शुद्ध कधी आली, हे डॉक्टर विचारतात. कुणी मोबाइलवर चित्रण केले असेल तर ते दाखवा. त्या वेळी रुग्णाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर १०८ ला फोन करा.

मग सीटी स्कॅन. दिवस गेलेले असतील किंवा तशी शंका असेल तर आधीच सांगा. जंत मरून जुना झाला असेल तर त्या जागी चुना साठतो आणि फोटोत मिठाच्या खड्यासारखा पांढरा ठिपका दिसतो. जिवंत असेल तर काळ्या गोलात एक बारीक ठिपका दिसतो, ते जंताचे डोके. मरू लागलेला असेल तर शिरेतून औषध देऊन काढलेल्या फोटोत बांगडीसारखे कडे उमटते आणि भोवती सूज दिसते. आपल्या देशात बहुधा असे एकच कडे सापडते. एमआरआयमध्ये लहान आणि आडबाजूच्या गाठी जास्त स्पष्ट दिसतात. चुन्याचे खडे मात्र सीटीतच चांगले कळतात, त्यामुळे कधी दोन्ही करावे लागतात.

खरी अडचण ही की टीबीची गाठही अशाच बांगडीसारखी दिसते. पूर्वी एकच कडे दिसले की टीबी समजून महिनोन्‌महिने औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले डॉ. राजशेखर आणि डॉ. चंडी यांनी अशा लहान गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा बहुतेकांत जंत निघाला. तेव्हापासून गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि गोल आहे का, मेंदू एका बाजूला ढकलला गेला आहे का, अंगात दुसरीकडे टीबी आहे का, हे बघून ठरवतात. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही १९८८ साली शरीरभर पसरलेल्या या जंतांवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्कॅनमधल्या खुणा आणि औषधांचा अनुभव नोंदवला आहे. रक्ताचीही तपासणी असते, पण एकच गाठ असेल तर ती पुष्कळदा काही दाखवत नाही. रक्त 'चांगले' आले म्हणून जंत नाही असे समजू नका.

जंताची गोळी दुकानातून आणून देऊ नका. मेंदूतले जंत एकदम मेले तर सूज वाढते, म्हणून ते औषध सूज उतरवणाऱ्या औषधासोबत आणि डोळे तपासूनच देतात. डोळ्यात जंत असेल तर नजर जाऊ शकते. शाळा-अंगणवाडीत १० फेब्रुवारीला मिळणारी गोळी पोटातल्या जंतांसाठी आहे, तिला घाबरायचे कारण नाही. ज्या मुलाला फिट येतात त्याच्याबाबत मात्र आधी डॉक्टरांना विचारा. एकटी गाठ कित्येकदा काही महिन्यांत आपोआप विरते, म्हणून पुन्हा स्कॅन करायला सांगतात. बरे वाटले म्हणून फिटची गोळी मनाने बंद करू नका. लग्न झालेल्या किंवा होऊ घातलेल्या मुलीने डॉक्टरांना तसे सांगावे, कारण त्यातले काही औषध गर्भाला चालत नाही.

लग्नाचा विषय निघाला म्हणून सांगतो. फिट येतात म्हणून सुनेला माहेरी धाडल्याच्या गोष्टी अजून ऐकू येतात. हिंदू विवाह कायद्यात फिटचा आजार लग्नाच्या आड येत असे. १९९९ सालच्या दुरुस्तीने ती अट काढून टाकली. फिट येणाऱ्या मुलीचे लग्न कायद्याने पूर्ण वैध आहे, आणि हे मुलीच्या आईइतकेच सासूलाही ठाऊक हवे.

घरात एकाला मेंदूतला जंत निघाला तर बाकीच्यांची शौच तपासणी करून घ्या. एकदाच करून भागत नाही, वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा द्यावी लागते. शौचातून चपटे पांढरे तुकडे पडताना दिसले तर लाजू नका, आशाताईंना सांगा. आतड्यातला जंत औषधाने जातो, आणि घरात अंडी पसरायची थांबतात.