बेकरीची भट्टी, सरकारी सवलत आणि व्याजाची अट

मुंबईचा पाव भाजणाऱ्या बेकऱ्यांमध्ये इराणी मालकांबरोबर आपल्या समाजबांधवांचाही मोठा वाटा आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावरील बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. धुराचा त्रास शेजाऱ्यांना आणि कारागिरांनाही होतो, तेव्हा आदेशाच्या हेतूबद्दल तक्रार नाही. प्रश्न आहे तो खर्चाचा.

इंधन बदलले म्हणजे बचत झाली असे नव्हे. एक किलो सुक्या लाकडातून साधारण ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. एक किलो एलपीजीतून ११ ते १२ हजार आणि विजेच्या एका युनिटमधून ८६०. म्हणजे एक किलो गॅसचे काम विजेवर करायचे तर १३-१४ युनिट लागतात. यातली किती उष्णता पावापर्यंत पोहोचते आणि किती चिमणीतून, भिंतीच्या भेगांतून, उघड्या दारातून निघून जाते, यावर नफा-तोटा ठरतो. अर्धी भरलेली भट्टीही जवळजवळ तेवढेच इंधन खाते.

सरकारी योजना नाहीत असे नाही. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवले गेले. पण ते बँकेच्या कर्जाला जोडून. जुलै २०२५ मध्ये केंद्राने ऊर्जाबचतीची १,००० कोटींची 'अदिती' योजना आणली. तिच्या १४ उद्योगांत अन्नप्रक्रिया आहे, कापडही आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात ५ टक्के सवलत मिळते.

अडचण इथेच आहे. व्याजाचा व्यवहार टाळणारा बेकरीवाला स्वतःच्या पुंजीतून किंवा भागीदारीतून यंत्र घेतो. तो तेवढीच ऊर्जा वाचवतो, तेवढाच धूर कमी करतो. पण व्याज नाही म्हणून सवलत नाही. १० लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी साधारण ५० हजारांची मदत होते. रोखीने यंत्र घेणाऱ्याच्या हाती शून्य.

आम्ही कापडवाल्यांनी हे जवळून पाहिले आहे. १९९९ च्या टफ्स योजनेत व्याजाची ५ टक्के भरपाई होती. २०१६ च्या सुधारित योजनेत ती जाऊन यंत्राच्या किमतीवर अनुदान आले. कर्जाची अट तिथेही राहिली. तरीही सवलत व्याजावरच दिली पाहिजे असे नाही, हे सरकारने स्वतःच मान्य केले.

म्हणून आमची मागणी साधी आहे. बचत मोजा आणि बचतीवर पैसे द्या. यंत्र बसवण्यापूर्वी आणि नंतर मैद्याच्या एका पोत्यामागे किती इंधन लागले, याची तपासणी करून ठरलेली रक्कम द्यावी. पैसा कर्जाचा की घरचा, हे विचारू नये. एकेका बेकरीला तपासणीस परवडत नसेल, तर एका मोहल्ल्यातील दहा बेकऱ्यांची मिळून तपासणी करावी.

बेकरी संघटनांनी ही मागणी लेखी मांडावी. तोवर प्रत्येक मालकाने आजपासून एक वही घालावी: रोजचा मैदा किती, इंधन किती, भट्टी किती तास पेटती. सरकारदरबारी कोरी तक्रार कुणी ऐकत नाही, हिशेब मात्र ऐकावा लागतो. आणि नासाडी थांबली की बरकत घरातच राहते.