इंजिन थांबलं, वीज गेली
(लेखांक ९)

मागच्या लेखात विमान हवेत टिकतं कसं ते पाहिलं. आता त्याला पुढे ओढणारं इंजिनच बंद पडलं तर?

दिल्लीच्या आसपास असे प्रसंग घडलेत. २४ मे २०१६ रोजी पाटण्याहून रुग्णाला घेऊन येणाऱ्या किंग एअर सी-९० या एअर अँब्युलन्सची दोन्ही इंजिनं धावपट्टी गाठण्याआधीच बंद पडली. वैमानिकांनी विमान नजफगडजवळच्या कैर गावच्या शेतात उतरवलं. सातही जण वाचले. २३ जानेवारी २०२० रोजी बरेलीहून हिंडनला निघालेलं एनसीसीचं दोन आसनी झेनएअर विमान तांत्रिक बिघाडामुळे गाझियाबादजवळ ईस्टर्न पेरिफेरल एक्स्प्रेसवेवर उतरलं. पंखाला मार बसला, माणसं सुखरूप.

इंजिन थांबलं की विमान धोंड्यासारखं खाली येतं, हा गैरसमज. वारा नसेल तर सेसना १७२ हजार फुटांवरून जवळजवळ पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. अट एकच, वेग ६५ नॉटच्या आसपास हवा. गोची अशी, की जमीन जवळ येताना दिसली की हात आपसूक नाक वर ओढतो. वेग पडतो, पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि मग विमान खरोखरच कोसळतं. म्हणून आधी नाक खाली, मग जागा हेरायची. कारण शोधायचं ते त्यानंतर, आणि उंची हाताशी असेल तरच: इंधन दोन्ही टाक्यांवर, मिश्रण रिच, मॅग्नेटो ‘बोथ’वर, कार्बोरेटर हीट चालू. दिल्लीच्या उकाड्यात हीट कशाला? कार्बोरेटरात इंधनाची वाफ होताना तापमान झपकन उतरतं. दमट हवेत बाहेर २५ अंश असतानाही आत बर्फ धरू शकतो. ‘मेडे’ पुकारणं आणि ट्रान्सपाँडरवर ७७०० हा संकटाचा कोड लावणं हेही या सगळ्यानंतरच.

रस्ता की शेत? माझं मत शेताच्या बाजूने. रस्त्यावर तारा, खांब, ट्रक. मे महिन्यात या पट्ट्यातला गहू कापून झालेला असतो, शिवारं मोकळी असतात. टेकण्याआधी इंधन बंद, दारांच्या कड्या सोडलेल्या, आणि मास्टर स्विच सगळ्यांत शेवटी. कारण सेसनाचे फ्लॅप विजेवर चालतात, आधी वीज तोडली तर ते उतरायचेच नाहीत.

वीज जाण्याचं गणित उलटं. विमानाची वीज तयार करणारा अल्टरनेटर बंद पडला तरी इंजिन चालूच राहतं, कारण ठिणगी देणारे मॅग्नेटो आपली वीज आपणच तयार करतात. अल्टरनेटरचा स्विच एकदा बंद-चालू करून पाहायचा. तरीही व्होल्टेज कमी असल्याचा लाल दिवा विझला नाही तर नको ती उपकरणं बंद करायची आणि उरलेली बॅटरी रेडिओसाठी राखायची. रेडिओही गेला तर टॉवरकडे पाहायचं: स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतरायला परवानगी. इथे घाईच नडते.

नव्या डिझेल इंजिनांना मात्र मॅग्नेटोचा हा दिलासा नाही. २००७ साली जर्मनीतल्या श्पायरला एका डायमंड डीए-४२ विमानाची बॅटरी उतरलेली होती. बाहेरून वीज देऊन इंजिनं सुरू केली, विमान उडालं आणि चाकं आत घेताच दोन्ही इंजिनं थांबली. चाकांच्या मोटरने ओढलेल्या विजेमुळे व्होल्टेज पडलं आणि इंजिन चालवणारे संगणक विझले. गोंदियाच्या प्रशिक्षण संस्थेत हीच जात वापरात असल्याने आपल्याकडच्या शिकाऊ वैमानिकांनी उतरलेल्या बॅटरीवर उड्डाण करू नये, ती आधी चार्ज करावी.

पुढच्या आठवड्यात: दिल्लीचं धुकं.