सॉक्रेटिसची प्रश्नपद्धत

उगम : अथेन्स, इ. स. पूर्व ५वे शतक. सॉक्रेटिसने (मृत्यू इ. स. पूर्व ३९९) स्वतः काही लिहिले नाही. मुख्य आधार : प्लेटो व झेनोफन यांचे लेखन.

क्रम : आधी व्याख्या मागायची. ती उदाहरणांवर तपासायची. विसंगती दिसली की व्याख्या सुधारायची किंवा सोडायची.

प्रश्नांचे प्रकार :
- अर्थ : म्हणजे नेमके काय?
- गृहीतक : काय धरून चाललो आहोत?
- पुरावा : हे कशावरून?
- दृष्टिकोन : दुसरी बाजू काय म्हणेल?
- परिणाम : हे मान्य केले तर पुढे काय?

फरक : प्रश्नमंजूषेत उत्तर ठरलेले असते, इथे उत्तरामागची कारणे तपासतात.

आजचा वापर : अमेरिकेतील कायद्याचे वर्ग (हार्वर्डमध्ये लँगडेल यांच्यापासून, १८७०चे दशक), मानसोपचारात आरन बेक यांची विचार-वर्तन उपचारपद्धती.