मुळशी पंचायत समिती आणि सभापतीची खुर्ची

मुळशी पंचायत समितीचे कार्यालय पौडला आहे. तालुक्याचे नाव ज्या मुळशीवरून पडले, ती पश्चिमेला धरणाच्या काठावर राहिली. ब्रिटिश अमदानीत हा मुलूख हवेली तालुक्याचा पेटा होता आणि महालकऱ्याची कचेरी पौडला होती. पुढे पेट्याचा तालुका झाला, तरी कारभार पौडलाच राहिला. मुठा, मोसे, रिहे, कोळवण अशा खोऱ्यांतून विखुरलेल्या वाड्यावस्त्यांचा माणूस दाखल्याला, घरकुलाला किंवा शाळेच्या गळक्या कौलांची तक्रार घेऊन आजही तिथेच येतो. त्याच्या लेखी पंचायत समिती म्हणजे दोन माणसे, निवडून आलेला सभापती आणि सरकारने नेमलेला गटविकास अधिकारी, म्हणजे बोलीतला बीडीओ.

या दोघांत वजन कोणाचे जास्त, याचे उत्तर साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर दिले गेले. 1957 साली बलवंतराय मेहता समितीने पंचायत राज्याचा कणा म्हणून गटपातळीवरील समिती सुचवली होती. जिल्हा परिषदेकडे तिने मुख्यतः सल्ल्याचे आणि देखरेखीचे काम ठेवले. राजस्थानने तो मार्ग धरला. महाराष्ट्रात 1960 साली नेमलेल्या वसंतराव नाईक समितीने मात्र जिल्हा परिषदच बळकट करावी असे सुचवले. त्यातून 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला आणि 1 मे 1962 पासून नवा कारभार सुरू झाला. निधी, कर्मचारी आणि मोठ्या कामांचे निर्णय जिल्ह्याकडे गेले, तालुक्याला अंमलबजावणी मिळाली. सभापतीला मान भरपूर आणि अधिकार बेताचे, याचे मूळ इथे आहे. पौडच्या सभापतीला स्वतःचा असा एकही कर बसवता येत नाही.

निवडणुकीची रचना मात्र नेटकी आहे. जिल्हा परिषदेच्या एका मतदारसंघाला गट म्हणतात आणि प्रत्येक गटाचे दोन गण पडतात. गणातून पंचायत समितीचा सदस्य निवडला जातो, म्हणजे तालुक्यात जितके गट, त्याच्या दुप्पट सदस्य. मतदार एकाच दिवशी गटासाठी आणि गणासाठी अशी दोन मते देतो. उमेदवाराचे वय किमान 21 लागते. 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या जन्मामुळे अपत्ये दोनांहून अधिक झाली असतील, तर तो अपात्र ठरतो. निम्म्या जागा महिलांसाठी असतात. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात, आणि कोणता गण कोणाला हे सोडतीत कळते. पाच वर्षे बांधणी केलेला गण एका चिठ्ठीने हातचा जातो, म्हणून आरक्षणाच्या सोडतीला तालुक्यात मतमोजणीइतकीच गर्दी होते.

सभापतिपदालाही फिरते आरक्षण आहे. निवडून आलेले सदस्य आपल्यातूनच सभापती आणि उपसभापती निवडतात, अडीच वर्षांसाठी. प्रत्यक्षात इच्छुक अनेक असतात आणि मग पक्षाच्या बैठकीत अडीच वर्षांचे तुकडे पडतात. सव्वा वर्ष एकाला, सव्वा वर्ष दुसऱ्याला. कायद्यात नसलेली ही वाटणी राज्यात इतकी रुळली आहे की राजीनाम्याची तारीख निवडीच्या दिवशीच ठरलेली असते. तालुक्याचे प्रश्न समजून घ्यायला सव्वा वर्ष अपुरेच.

या खुर्चीपर्यंत येणारी माणसे बहुधा सरपंचपद, विकास सोसायटी, दूध संस्था या पायऱ्यांवरून येतात. मुळशीत त्यात तालमीची भर पडते. मुठा गावचे मामासाहेब मोहोळ कुस्तीच्या आखाड्यातून सार्वजनिक जीवनात आले. महाराष्ट्र केसरीची मानाची गदा त्यांच्याच स्मरणार्थ दिली जाते. त्यांचे चिरंजीव अशोक मोहोळ तेव्हाच्या खेड लोकसभा मतदारसंघाचे खासदार झाले. त्याआधी खेडचे खासदार राहिलेले विदुरा नवले यांचे नाव कासारसाई-दारुंब्रेच्या संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याशी जोडलेले आहे.

मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर, 2009 च्या निवडणुकीपासून, मुळशी हा विधानसभेचा स्वतंत्र मतदारसंघ उरला नाही. तालुका भोर मतदारसंघात गेला आणि सलग तीन वेळा भोरचे संग्राम थोपटे आमदार झाले. 2024 मध्ये मुळशीच्या शंकर मांडेकरांनी ती जागा जिंकली. 2009 नंतर, मार्च 2022 मध्ये समितीची मुदत संपेपर्यंत, अख्ख्या मुळशीचा आणि फक्त मुळशीचा म्हणता येईल असा लोकनियुक्त पुढारी एकच होता, तो म्हणजे सभापती. अधिकार न वाढताही पदाची किंमत वाढली ती अशी.

सभापती मासिक सभेचा अध्यक्ष असतो. कामांची पाहणी करणे, दप्तर मागवणे, खात्यांच्या अधिकाऱ्यांना जाब विचारणे हे त्याचे अधिकार. तो जिल्हा परिषदेचा पदसिद्ध सदस्यही असतो आणि तालुक्याची खरी मागणी बहुतेकदा तिथेच मांडावी लागते. समितीचा सचिव बीडीओ. कर्मचाऱ्यांवर नियंत्रण त्याचे, पैसे काढण्याची सही त्याची. वर्षातून एकदा होणाऱ्या आमसभेत तर अध्यक्षस्थानी आमदार असतो आणि सभापती यजमानाच्या भूमिकेत शेजारी बसतो.

निधीची गोष्ट याहून बोलकी आहे. चौदाव्या वित्त आयोगाने 2015 ते 2020 या काळात केंद्राचा पैसा थेट ग्रामपंचायतींना दिला. पंचायत समितीच्या वाट्याला शून्य आले. सरपंचाच्या हाती निधी आणि सभापतीच्या हाती फक्त शिफारसपत्र, असा तो काळ. पंधराव्या आयोगात महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना 80, पंचायत समितीला 10 आणि जिल्हा परिषदेला 10 टक्के अशी वाटणी झाली. जमिनीच्या व्यवहारांवरील मुद्रांक शुल्काच्या जादा एक टक्क्यातूनही समितीला हक्काचा हिस्सा नाही. तो जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतींचा.

प्राधान्यक्रम ठरवताना सभापतीपुढे दोन मुळशी उभ्या राहतात. पश्चिमेची मुळशी पावसाची. ताम्हिणीत जुलै 2024 मध्ये एका दिवसात 556 मिलिमीटर पाऊस पडला. तरीही घाटमाथ्यावरच्या धनगरवाड्यांत आणि उंचावरच्या वस्त्यांत उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात, कारण पाणी उतारावर ठरत नाही. जे ठरते, ते तालुक्याचे नाही. 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याचे पाणी सह्याद्री ओलांडून रायगडमधील भिरा येथे वीज करते आणि कुंडलिकेतून कोकणात उतरते. त्यामुळे पश्चिमेकडच्या गणातील सदस्याची यादी दर वर्षी बहुधा तीच असते. विहिरीतला गाळ काढणे, नळयोजनेची दुरुस्ती, पावसात वाहून गेलेला रस्ता, कमी पटाची शाळा बंद होऊ न देणे.

कातकरी कुटुंबांच्या घरकुलाचा प्रश्न तर पैशाआधी जागेवर अडतो. घर मंजूर होते, पण पायाखालची जमीन त्यांच्या नावावर नसते. जागा घेण्यासाठी सरकार देत असलेले अर्थसाहाय्य 2024 मध्ये 50 हजारांवरून एक लाखावर गेले. पिरंगुट-भूगावच्या बाजारभावापुढे ते कुठेच पोचत नाही. अशा वेळी गावठाणात किंवा सरकारी जमिनीत जागा मिळवून देणे, हे सभापतीच्या वजनावर होऊ शकणारे काम आहे आणि त्याचे कौतुक फारसे होत नाही.

पूर्वेची मुळशी हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुटची. माणमधून शिवाजीनगरकडे मेट्रोची मार्गिका आखली गेली, पण कचरा आणि सांडपाणी ग्रामपंचायतीच्या गळ्यात. बांधकाम परवानगी 2015 साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए), औद्योगिक क्षेत्र एमआयडीसीकडे, पंचायत समितीकडे शाळा, अंगणवाडी आणि तक्रारी. लवासा या खासगी नगराने या गुंत्याचे टोक दाखवले. 2008 साली तिथे खासगी कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला आणि 2017 मध्ये तो काढून घेतला गेला. तोवर मोसे खोऱ्यातील त्या भागाच्या नियोजनात पौडला विचारण्याचे कारणच नव्हते.

शहर जसे पुढे सरकते, तसा समितीचा मुलूख आटतो. 30 जून 2021 रोजी पुणे महापालिकेत 23 गावे गेली, त्यांत मुळशीची म्हाळुंगे, सूस आणि बावधन बुद्रुक होती. हिंजवडी-माण परिसर पिंपरी-चिंचवडमध्ये घेण्याची मागणीही जुनी आहे. जाणारी गावे उत्पन्नाची आणि राहणारी खर्चाची, असा हा हिशेब.

21 फेब्रुवारी 2017 च्या मतदानातून निवडून आलेल्या समितीची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकल्याने निवडणूक झाली नाही आणि बीडीओच प्रशासक झाला. मासिक सभेत प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकच माणूस उरला. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकांचा मार्ग मोकळा केला आणि नवी गट-गण रचना झाली. त्यात पुणे जिल्हा परिषदेचे गट 75 वरून 73 वर आले आणि जिल्ह्यातले गण 150 वरून 146 वर.